लेखणीवरचा पहारा : सोलापूरचा मार्शल लॉ ते आणीबाणी

(सोलापूर येथे झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापुरात नवख्या माणसाला पत्ता सांगायचा, तर तो बहुधा चार पुतळ्यांपासून सांगितला जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही चार नावे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात या चौघांना फाशी देण्यात आली. त्यांच्यापैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत असत, ही गोष्ट मात्र अनेकांच्या स्मरणात नसते. विशीतला हा तरुण गिरणी कामगारांत वावरत होता, सभांतून बोलत होता आणि स्वतःचे वृत्तपत्र काढीत होता. वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा एरवी दिल्ली-मुंबईच्या परिषदांतून होते. ज्या गावचा एक संपादक फासावर गेला आणि दुसरा सक्तमजुरीवर गेला, त्या गावाला ती चर्चा बाहेरून आणावी लागत नाही.

मे १९३० चे प्रसंग येथील वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले आहेत, म्हणून ते थोडक्यात. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्याची वार्ता आली आणि सोलापूर पेटून उठले. गिरण्या ओस पडल्या, हरताळ झाला. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, काही जणांना पकडण्यात आले, त्यांच्या सुटकेसाठी जमाव अडून बसला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात बळी पडला. त्यानंतर जमावाचा संयम सुटला, न्यायालयाची इमारत जळाली, मंगळवार पेठेच्या चौकीवरील पोलीस मारले गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी शहरातून काढता पाय घेतला आणि पुढील काही दिवस गावाची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्कर आले. त्याच्याबरोबर मार्शल लॉ आला, तो जून अखेरपर्यंत राहिला.

या सात आठवड्यांत सोलापूरकरांनी जे अनुभवले, त्याचे वर्णन एका टोपीने करता येते. डोक्यावर गांधी टोपी असणे आणि हाती राष्ट्रध्वज असणे हा गुन्हा ठरला. ज्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० रोजी तिरंगा फडकल्याचे सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात, तेथूनही तो उतरविण्याचा हुकूम सुटला. टोपी, ध्वज, घोषणा ही तर साधी माणसाची भाषा. जे राज्य टोपीला भिते, ते छापील अक्षराला किती भीत असेल! ‘कर्मयोगी’ या सोलापूरच्या वृत्तपत्राचे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांना लष्करी न्यायालयासमोर उभे करण्यात आले आणि लांब मुदतीच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावण्यात आली. कुर्बान हुसेन यांच्यावर त्यांच्या लिखाणाबद्दल खटला झालाच नाही. चौकीवरील पोलिसांच्या हत्येचा आरोप त्यांच्यावर आणि अन्य तिघांवर ठेवण्यात आला. चळवळीच्या पुढाऱ्यांना धडा शिकविण्यासाठीच ही माणसे निवडून काढली गेली, अशी सोलापूरकरांची तेव्हापासूनची धारणा आहे.

या दोन संपादकांच्या वाट्याला आलेल्या दोन निरनिराळ्या गोष्टींकडे नीट पाहिले पाहिजे. एकाला त्याच्या व्यवसायाबद्दल शिक्षा झाली. दुसऱ्याला शिक्षा झाली ती सर्वस्वी वेगळ्या कलमाखाली. पण परिणाम एकच होता. त्या उन्हाळ्यात ‘कर्मयोगी’चा संपादक तुरुंगात होता आणि ‘गझनफर’चा संपादकही तुरुंगात होता. वृत्तपत्र बंद पाडण्यासाठी दर वेळी वृत्तपत्राचा कायदा वापरावा लागत नाही, हे धडधडीत सत्य सोलापूरने १९३० सालीच पाहिले. पुढल्या साऱ्या इतिहासात हीच युक्ती वेगवेगळ्या वेषांत भेटत राहते.

परकीय राजवटीने हे शास्त्र टप्प्याटप्प्याने विकसित केले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी राहिली, म्हणून कलकत्त्याचे ‘अमृत बझार पत्रिका’ एका रात्रीत इंग्रजी झाले. मराठी वाचकाला मराठीतून सत्य कळू नये, इंग्रजीतून कळले तर फारसे बिघडत नाही, असा तो हिशेब होता. सोलापुरातून ‘कल्पतरू’सारखे साप्ताहिक त्या काळात निघत असे. जिल्ह्याच्या गावातील असे पत्र किती जणांपर्यंत जात असेल? परंतु एक अंक पारावर दहा जणांत वाचला जातो, हे सरकारला ठाऊक होते. तो कायदा लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये मागे घेतला. राजद्रोहाचे कलम मात्र त्याआधीच, १८७० मध्ये, दंडसंहितेत येऊन बसले होते आणि त्याचा प्रयोग लोकमान्यांवर १८९७ व १९०८ असा दोनदा झाला. दुसऱ्या वेळी ‘केसरी’तील अग्रलेखांसाठी सहा वर्षे मंडाले. त्याच वर्षी ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही तुरुंग दाखविण्यात आला.

पण खटला ही सरकारच्या दृष्टीने महागडी गोष्ट असते. खटल्यात आरोपी बोलतो, त्याचे बोलणे छापले जाते, आणि लोकमान्यांना शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला, तसे काहीतरी घडते. म्हणून १९१० च्या कायद्याने अधिक सोयीचा मार्ग काढला. छापखान्याच्या मालकाकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन घ्यायचा आणि मजकूर आवडला नाही तर तो जप्त करायचा. वकील नको, युक्तिवाद नको. संपादक निर्भय असला तरी छापखान्याच्या मालकाला बायकामुले असतात. त्या काळच्या दोन हजार रुपयांत छोटा छापखाना उभा राहत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याचे नेमके मर्म कळते. हा कायदा १९२२ मध्ये गेला, पण २७ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे सोलापूरच्या उठावाच्या अकरा दिवस आधी, वटहुकमाच्या रूपाने जामीनपद्धती परतली. १९३१ मध्ये त्याचाच कायदा झाला आणि त्याच्या अधिकृत नावातच ‘आणीबाणीचे अधिकार’ हे शब्द होते. चव्वेचाळीस वर्षांनी स्वदेशी सरकारला शब्दही नवा शोधावा लागला नाही.

स्वराज्य आल्यावर हे सारे संपेल, अशी भाबडी अपेक्षा होती. प्रजासत्ताकाला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एक ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाचा, ज्यावर मद्रास सरकारने बंदी घातली होती. दुसरा ‘ऑर्गनायझर’चा, ज्याला दिल्लीच्या प्रशासनाने मजकूर छापण्यापूर्वी तपासून घेण्याचा हुकूम केला होता. दोन्ही सरकारी आदेश न्यायालयाने रद्द केले. विचारांनी दोन टोकांना असलेली ही दोन पत्रे एकाच दिवशी, एकाच तत्त्वावर सुटली. त्यावर केंद्र सरकारने काय केले, तर वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आणून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढविली. संसदेत तेव्हा दिलेली आश्वासने चोवीस वर्षे टिकली.

येथे बसलेल्यांपैकी जे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना २६ जून १९७५ ची सकाळ आठवत असेल. आकाशवाणीवरून पंतप्रधानांचा आवाज ऐकू आला. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांची निवडणूक रद्द ठरविली होती आणि अवघ्या दोन आठवड्यांत ‘अंतर्गत अशांतते’चा शोध लागला. आदल्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांचा वीजपुरवठा तोडण्यात आला होता. दुसऱ्या दिवशीचे अंक निघूच नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. अजून सेन्सॉरचा हुकूम निघायचा होता, पण वायरमन आधी कामाला लागला होता! ‘मदरलँड’चे संपादक के. आर. मलकानी त्याच रात्री पकडले गेले. ‘मदरलँड’ला कायमचे टाळे लागले.

मग नियम आले. कोणतीही राजकीय बातमी, टिप्पणी वा अफवा आधी दाखवून घ्यायची. अटक झालेल्यांची नावे छापायची नाहीत. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा कोरी जागाही सरकारला बोचली आणि तीही सोडायची नाही, अशी तंबी देण्यात आली. मौनही तपासून घ्यावे लागेल, हे जगाच्या इतिहासात थोड्याच हुकूमशहांना सुचले असेल. डिसेंबर १९७५ मध्ये आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीला प्रतिबंध करणारा वटहुकूम निघाला. संसदेतील भाषणे निर्धास्तपणे छापण्याचे संरक्षण देणारा १९५६ चा कायदा रद्द झाला. तो कायदा खासदार फिरोज गांधी यांनी धडपडून आणला होता आणि तो मोडीत काढणाऱ्या पंतप्रधान त्यांच्याच पत्नी होत्या. प्रेस कौन्सिल गुंडाळण्यात आली. पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चार वृत्तसंस्था एकत्र कोंबून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली. दादासाहेब आपटे यांनी १९४८ मध्ये भारतीय भाषांतून बातम्या देण्यासाठी उभी केलेली संस्था अशा रीतीने सरकारी पिंजऱ्यात गेली. देशातल्या साऱ्या नळांना एकाच टाकीतून पाणी सोडायचे ठरले म्हणजे टाकीवर एक माणूस बसविला की पुरते.

याखेरीज जे झाले त्याला कोणताही नियम नव्हता. सरकारी जाहिराती बंद झाल्या. रामनाथ गोएंका यांच्या समूहावर संचालक मंडळ लादले गेले. १९७६ मध्ये करथकबाकीचे निमित्त काढून ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या दिल्लीतील छापखान्याला सील ठोकण्यात आले. १९३० च्या सोलापूरची ती युक्ती पुन्हा भेटते, ती येथे. वृत्तपत्राला हात लावलाच नाही, फक्त वीज गेली, कर थकला, जाहिरात आटली. ‘शंकर्स वीकली’ने तर ऑगस्ट १९७५ मध्ये स्वतःहूनच निरोप घेतला. व्यंगचित्रकाराला हसण्याची परवानगी मागावी लागत असेल, तर दुकान बंद केलेले बरे, असा तो निर्णय होता.

आणि बहुसंख्य वृत्तपत्रे? त्यांच्याबद्दल १९७७ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले लालकृष्ण अडवाणी जे म्हणाले ते प्रसिद्धच आहे : वाकायला सांगितले होते, तुम्ही रांगू लागलात. हे वाक्य टाळ्या घेते, पण ते पुरते न्याय्य नाही. जिल्ह्याच्या गावातील संपादकाकडे गोएंकांची संपत्ती नव्हती. त्याच्याकडे एक ट्रेडल यंत्र, तीन-चार कामगार आणि कागदाचा परवाना होता. त्याच्यापुढे सेन्सॉर अधिकारी म्हणून उभा राहणारा माणूस बहुधा जिल्हा माहिती कार्यालयातला, रोजच्या ओळखीचा असे. असा ओळखीचा माणूस चहा पिता पिता ‘हे जरा राहू द्या’ म्हणतो, तेव्हा शूरत्व दाखविणे फार कठीण असते.

महाराष्ट्रात तरीही काहींनी ते दाखविले. पुण्याचे ‘साधना’ आणि त्याचे संपादक यदुनाथ थत्ते यांचा विचार या साप्ताहिकाच्या वाचकांच्या विचाराशी जुळणारा नव्हता. पण त्या काळात त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, सरकारी कारवाईला तोंड दिले, आणि हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झाले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला आणि मुंबईत जसलोक रुग्णालयात असलेल्या जयप्रकाशजींच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. लोकसाहित्याच्या एका व्यासंगी अभ्यासिकेला तुरुंगात टाकल्याने राज्याची सुरक्षितता किती वाढली, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांनीच जाणे.

न्यायालयातही मुंबईने मान खाली घातली नाही. मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ हे छोटे मासिक चालवीत. त्यांनी तपासणीसाठी दिलेला मजकूर मुंबईतील सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांनी नाकारला. मसानी उच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्या. दिनशा मादन आणि न्या. एम. एच. कनिया यांच्या खंडपीठाने सरकारचे अपील फेटाळले. आणीबाणी असली तरी शांत, सभ्य भाषेत सरकारी धोरणाला विरोध करण्याचा अधिकार संपत नाही आणि सर्व पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे फिरवायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. गुजरातमध्ये ‘भूमिपुत्र’चे संपादक चुनीभाई वैद्य यांनीही अशीच लढाई जिंकली. आणि तेथे विनोद असा झाला, की सेन्सॉरशिप बेकायदा ठरविणारा निकाल छापायलाही सेन्सॉरने आडकाठी केली. लक्षात घ्यावे, की याच काळात, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागण्याचा अधिकारही उरत नाही असे म्हटले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद गेले.

उघड छापखाना बंद झाला तेव्हा माजघरातला सुरू झाला. स्टेन्सिल कापायचे, सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा हाताने फिरवायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा लावायचा, आणि सकाळी बोटांची शाई रॉकेलने पुसायची. संघावर ४ जुलै १९७५ रोजी बंदी आली होती, सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते. नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीने सत्याग्रह सुरू केला. गावोगावी कोण पकडले गेले, कोठे लाठी चालली, हे कळत असे ते या पत्रकांतून. घरातील स्त्रियांनी ती भाजीच्या पिशवीतून पोहोचविली, कॉलेजच्या मुलांनी सायकलवरून. शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत मिसाखाली ३४,९८८ आणि अंतर्गत सुरक्षा नियमांखाली ७५,८१८ लोक पकडले गेले. एक लाख दहा हजारांहून अधिक घरांत कर्ता माणूस नव्हता आणि वृत्तपत्रांत त्याची ओळही नव्हती.

परंतु सेन्सॉरशिपची खरी किंमत संपादकांनी मोजली नाही, राजकीय कार्यकर्त्यांनीही सर्वस्वी मोजली नाही. ती मोजली सामान्य माणसाने, आणि त्यासाठी दिल्लीच्या तुर्कमान गेटपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी पुरेसे आहे. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत नसबंदीची मोहीम निघाली. उद्दिष्ट ठरलेले होते आणि ते गाठायचेच होते. लोक आपणहून येईनात, तेव्हा खेड्यांतून बाजाराला आलेल्या माणसांना वाहनांत घालून नेण्यात आले आणि शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. बैल विकायला, बियाणे आणायला, नात्यागोत्यात भेटायला आलेली ही माणसे. त्यांत कोणाला किती मुले होती, कोणाचे वय काय होते, हे विचारायला फुरसत कोणाला होती? ही हकिकत उघडपणे छापता येण्याजोगी असती, तर दुसऱ्याच दिवशी पुण्या-मुंबईला कळली असती, विधिमंडळात प्रश्न आला असता, आणि तिसऱ्या दिवशी त्या गाड्या थांबल्या असत्या. तसे झाले नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. अशी मजल मारणारे ते देशातले पहिले राज्य होते. राष्ट्रपतींची संमती मिळण्याआधीच निवडणुका लागल्या, म्हणून तो कायदा अमलात आला नाही. देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

सत्ताधाऱ्यांनाही या मौनाने दगाच दिला. वृत्तपत्रे स्तुती छापीत होती आणि ती स्तुती वाचून राज्यकर्त्यांनी जनमताचा अंदाज बांधला. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या त्या या विश्वासावर. मार्चमध्ये काय झाले, हे सर्वांना माहीत आहे. आपणच आरशावर काळे फासायचे आणि मग आपला चेहरा उजळ आहे असे समजायचे, त्यातला हा प्रकार.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे निमित्त काढून टाकले आणि त्याजागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. संसदेच्या व विधिमंडळांच्या कामकाजाचे वृत्त देण्याचे संरक्षण थेट राज्यघटनेत आले. पूर्वीच्या पद्धतीची आणीबाणी त्यामुळे अवघड झाली. सत्तेची प्रवृत्ती मात्र घटनादुरुस्तीने बदलत नाही. १९८२ मध्ये बिहारच्या जगन्नाथ मिश्र सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध विधेयक आणले, १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने अब्रूनुकसानीचे विधेयक आणले. देशभर पत्रकार रस्त्यावर आले आणि दोन्ही मागे घ्यावी लागली.

ही सर्व उदाहरणे काँग्रेसची आहेत म्हणून येथे सुखावून जाण्याचे कारण नाही. ज्यांनी १९७५ मध्ये तुरुंग पाहिला, त्यांच्या विचारांची सरकारे पुढे अनेक ठिकाणी आली. कसोटी तेथे लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या आणि त्या ‘लाइक’ करणाऱ्या अशा पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्या वेळी राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार होते. त्याच वर्षी व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचे कलम लावले गेले. पण त्रिवेदी प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्गदर्शन केल्यावर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याच्या गृहखात्याने जे परिपत्रक काढले, ते युतीच्या सरकारचे होते. लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोहाच्या कक्षेत येऊ शकेल, असा त्याच्या शब्दांचा अर्थ निघत होता. मसुदा करणाऱ्याची चूक म्हणा, भाषांतराचा घोळ म्हणा, पण पोलीस ठाण्यातील अंमलदार परिपत्रकाचे शब्द वाचतो, हेतू वाचीत नाही. ते परिपत्रक ऑक्टोबर २०१५ मध्ये मागे घेण्यात आले, हे योग्यच झाले. त्या परिपत्रकाला विरोध करणारे अनेक जण सरकारचे पक्के विरोधक होते. त्यामुळे त्यांचा मुद्दा चूक ठरत नव्हता.

केंद्र सरकारविषयी छापल्या जाणाऱ्या मजकुरात खरे-खोटे कोणते, हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच पथकाला देणारा नियम २०२३ मध्ये आला. खोट्या बातम्यांचा उच्छाद आहे, हे नाकारता येत नाही. त्यांनी दंगली पेटतात, निरपराधांचे जीव जातात. मात्र फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असावेत का? मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरविला. बिनोद राव यांच्या टेबलावरील निळ्या पेन्सिलीचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना या निकालाचे दुःख व्हायला नको. आज पक्ष आपला आहे म्हणून हाती दिलेले शस्त्र उद्या कोणाच्या हाती जाईल, याची हमी मतपेटी देत नाही. राजद्रोहाच्या कलमाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो शब्द नाही, परंतु कलम १५२ आहे. ते कलम कसे वापरले जाते, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर मार्ग तोच दिसतो. हाँगकाँगमध्ये ‘ॲपल डेली’ हे दैनिक २४ जून २०२१ रोजी बंद पडले. छापू नका असे त्यांना कोणी सांगितले नाही. नव्या सुरक्षा कायद्याखाली संपादकांना अटक झाली, कंपनीची बँकेतील खाती गोठविण्यात आली, पगार द्यायला पैसे उरले नाहीत. शेवटच्या दिवशी दहा लाख प्रती छापल्या गेल्या आणि लोकांनी पहाटेपासून रांगा लावून त्या घेतल्या. १९१० च्या जामिनाचा हा आधुनिक अवतार.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बातमीदाराला मात्र एवढा दूरचा शत्रू नसतो. त्याचा मासिक पगार म्हणजे बहुधा बातमीमागचे मानधन आणि जाहिरातीवरील टक्केवारी. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने आणायची, त्याच पुढाऱ्याच्या वाळूच्या ट्रकची बातमी त्याने द्यायची, अशी ही विचित्र नोकरी आहे. सरकारी जाहिरातींची यादी, दूध संघ, बँक, कारखाना, बाजार समिती यांच्या जाहिराती, आणि त्या देणारे हात चार-पाच घराण्यांचे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यात पक्षाचा प्रश्न येतच नाही, सर्व पक्षांचे झेंडे त्या ट्रकांवर बदलत राहतात. एवढे होऊनही बातमी छापलीच, तर काय होते? फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. मोटार चालविणाऱ्याविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदविला.

पत्रकारांवरील हल्ल्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड ठेवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केला होता. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, आणि गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, अशी तरतूदही त्यात आहे. पण त्या कायद्याखाली पहिली फिर्याद घेऊन ज्याला जायचे असते, तो गावचा बातमीदार त्या ठाण्यात रोज बातमीसाठी जाणारा असतो. ठाणे अंमलदार त्याला खुर्ची देतो, पाणी मागवितो आणि समजुतीच्या स्वरात विचारतो, “कशाला वाढवता? उद्या पुन्हा इथंच यायचं आहे ना?”